वाडीवरून सगळं दिसायचं

इर्शाळवाडीवरून सगळं दिसायचं. खाली मोरबे धरणाचं पाणी, त्यापलीकडे चौक गाव, आणि रात्री लांबवर पुण्या-मुंबईच्या गाड्यांचे दिवे. धरणातलं पाणी नवी मुंबईला जायचं, गाड्या आपापल्या शहरात जायच्या. वाडीकडे चढत येणारी मात्र एक पायवाटच होती, तास-दीड तासाच्या चढणीची. मोबाइल वाडीवर पोचला होता, रस्ता पोचला नव्हता.

पहिला पाऊस पडला की त्या पायवाटेने एक आजी उतरायची. ती ठाकर समाजातली. चौकच्या नाक्यावर पळसाची पानं पसरून शेवळं ही रानभाजी मांडायची. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा असा खवखवतो की जेवणारा पुन्हा नाव काढत नाही. त्यावर उतारा काकडाच्या आंबट फळांचा. आईने न मागता आजी जुडीबरोबर मूठभर काकडं पिशवीत टाकायची, त्याचे पैसे घ्यायची नाही. ‘शेवळं दिली आन् काकडं नाय दिली, तर मानूस शिव्या दील ना ताई,’ म्हणायची. कोंब वरच्यावर खुडायचा, कंद मातीतच राहू द्यायचा, पुढच्या पावसात तो पुन्हा वर येतो. डोंगराच्या कुठल्या अंगाला शेवळं आधी फुटतात आणि कुठल्या अंगाला उशिरा, हे ती बोटाने हवेत रेघ ओढून सांगायची. समोर बसलेल्या आम्हाला त्यातलं काही कळत नसे, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. १७ ते १९ या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हेही तिथेच समजलं. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर उडेना, पायवाटेवरून यंत्र जाईना. जवानांनी आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी फावडी-कुदळींनी चिखल उपसला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. आजी त्या ५७ जणांत आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजतात, हे दरवर्षी फळ्यावर मांडतो. त्या वर्षी मांडताना हात अडखळला. निवाऱ्याला आणलेले कंटेनर, नंतर सिडकोने चौकजवळ बांधलेली ४४ घरं, त्यांचं सिमेंट, त्यांचे ठेके, हे सगळं उत्पन्नात मिळवलं जातं. गेलेली माणसं त्यातून वजा होत नाहीत. आजीची शेवळं नाक्यावर विकली गेली, तरी कुठल्या वहीत ती चढली असतील असं मला वाटत नाही, आणि फुकट दिलेली काकडं तर नाहीतच. ज्या हिशेबाला चौऱ्याऐंशी माणसांचं जाणं दिसत नाही, त्या हिशेबावर राज्याची प्रगती ठरवायला माझी तयारी नाही. हे मी वर्गात स्पष्ट सांगतो.

त्यानंतर अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्याबद्दल सांगतो. १९९० साली त्यांनी अमर्त्य सेन यांच्यासारख्यांना बरोबर घेऊन मानव विकास निर्देशांक मांडला. माणूस किती वर्षं जगतो, किती शिकतो आणि त्याच्या हातात किती पडतं, या तिन्हींचा एकत्र विचार सुरू झाला. मला ते फार मोठं काम वाटतं. देश किती कमावतो एवढ्यावर न थांबता माणूस कसा जगतो, हेही विचारलं जाऊ लागलं.

आमच्या भागात हा प्रश्न त्याआधीही एकाने हाताळला होता. १९१५ साली खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी जाडजूड नळांतून घाटाखाली आलं आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या. १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र आलं. तारा भातखाचरांवरून गेल्या, पण तारांखालच्या वाड्यांत पुढे कितीतरी वर्षं चिमणीच जळत होती. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिकारी गटाने ते विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल हुतात्मा झाले. मनोऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची धान्यकोठी जास्त आठवते. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की कुळांना सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून माथेरानात जन्मलेल्या या वकिलाने ती काढली होती. शाळाही चालवल्या. पोटाला आणि डोक्याला एकदमच हात घातला.

भिवपुरीचं मात्र एक चांगलं सांगायलाच हवं. वीज तयार करून सुटणारं पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतांत येतं आणि मे महिन्यात तिथे उन्हाळी भात पिवळं होतं. मुंबईचं काम करून झाल्यावर का होईना, ते पाणी इथे थांबतं. मोरब्याच्या काठच्या डोंगरावर तेवढंही घडलं नाही.

आजीचा नातू वाचला, कारण तो त्या रात्री आश्रमशाळेत होता. वाडीतली आणखीही मुलं तशीच वाचली. शाळा नसती तर तोही घरी आजीशेजारी झोपलेला असता. दोन वर्षांनी तो माझ्या वर्गात आला. मागच्या बाकावर बसतो, अक्षर सुरेख आहे. त्याला भूगोल घ्यायचा आहे, डोंगर का सुटतो ते शिकायचं आहे.

पण सहाव्या वर्षापासून तो शाळेतच राहिला. जूनमध्ये आजी शेवळं खुडायची तेव्हा तो बाराखडी गिरवत होता, नंतर गुणाकार, नंतर इंग्रजीचा धडा. रान त्याच्या हाती आलंच नाही. ज्या शाळेने त्याचा जीव वाचवला, तिनेच त्याला आजीपासून लांब ठेवलं, आणि आता विचारायला आजी नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्यांची बेरीज-वजाबाकी करून पाहिली, जमली नाही. शाळेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही आजीबरोबर मातीखाली काय काय गेलं, ते आठवलं की गळा दाटून येतो. झाडांची नावं गेली, वाटा गेल्या, कुठला कंद दुष्काळात उकडून खायचा ते गेलं. हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

नव्या घरात नळ आहे, दारापर्यंत रस्ता आहे. पोरगा तिथून सायकलने येतो. यंदा पाऊस सुरू झाल्यावर तो दुसऱ्या वाडीतल्या आत्याबरोबर रानात गेला होता. शेवळं ओळखता येतात म्हणाला. काकडाचं झाड अजून चुकतं, आत्या पुढच्या रविवारी पुन्हा नेणार आहे.