हाड सांधले, पण...

बारीक माणूस सायकलवरून पडला तर अपघात. जाड माणूस पडला तर विनोद! माझे वजन ९६ किलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीहून उतरताना सायकल घसरली, खांद्यावर आपटलो आणि गळ्याजवळचे हाड मोडले. समाचाराला येणारा प्रत्येक जण विचारी, "सायकल शाबूत आहे ना?" मीही हसे, रात्री मात्र डोळा लागत नसे.

दोन महिन्यांत हाड सांधले. धास्ती उरली, पडण्याची थोडी, लोकांच्या हसण्याची फार. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "गल्लीच्या टोकापर्यंतच चालवा. मी दारात उभी राहते." मग दोन गल्ल्या, मग स्टेशन. भीतीचे कर्ज असेच हप्त्याहप्त्याने फिटते.

यंदा फराळाचे डबे मी सायकलवरूनच पोचवणार आहे. हसणाऱ्यांच्या घरी आधी!