बेंजो, झाळकाम आणि अर्थिंगची तार

आमच्या नागोठण्याकडे गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो लागतोच. बेंजो म्हणजे आपले बुलबुल तरंग. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केले. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे त्याच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे, म्हणजे पिकअप, बसला आणि ते वऱ्हाडापुढे चालू लागले. पिकअपमधून निघणारी वीज मात्र फार क्षीण. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय गर्दीत त्याचे कोणी ऐकणार नाही.

आमच्या पुतण्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले की भाड्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला पैसे घालायचे नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे सामान आणले. मुख्य प्लेट तयारच मिळते. खरी परीक्षा असते ती आवाजाच्या आणि सुरांच्या बटणांची, म्हणजे कंट्रोलची जोडणी करताना.

कंट्रोलला तीन पाय असतात. खारबंदिस्तीची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. एका कडेच्या पायावर पिकअपकडून आलेला आवाज, दुसऱ्या कडेचा पाय अर्थला, आणि मधल्या पायातून हवा तेवढा वाटा पुढे. कडेचे दोन पाय उलटे लागले तर बटण वाढवावे आणि आवाज कमी व्हावा, अशी गंमत होते. आवाजासाठी कंट्रोल ‘लॉग’ जातीचा मागावा. साधा ‘लिनिअर’ घेतला तर बटण जरा फिरवताच आवाज एकदम उसळतो आणि पुढे फिरवून फारसा फरक कळत नाही. आपल्या कानाची घडणच तशी आहे. सुराच्या कंट्रोलला एक छोटा कपॅसिटर लागतो. तो उंच, किरकिरे सूर अर्थमध्ये सोडून देतो.

आता झाळकाम. कल्हईवाला भांडे आधी तापवतो, नवसागराने साफ करतो आणि मग कथिल फिरवतो. इथेही तोच क्रम. पण नवसागर किंवा पत्रेवाल्याचे अ‍ॅसिड इथे चालत नाही, ते पुढे तार खाते. इथे राळ लागते, आणि ती सोल्डरच्या तारेच्या पोटातच असते. नेहमीच्या सोल्डरमध्ये ६० भाग कथिल आणि ४० भाग शिसे. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना दूर बसवावे आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये. इस्त्रीने, म्हणजे झाळायच्या कांबीने, पाय आणि तार दोन्ही तापवायची, आणि सोल्डर त्यांच्यावर वितळू द्यायचे. कांबीवर वितळवून थेंब टाकला की जोड कोरडा राहतो. वरून दिसतो पक्का, आणि ऐन मिरवणुकीत सुटतो.

पिकअपची तार जाळीची घ्यावी आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थला जोडावी. दोन्ही टोके जोडली तर वेटोळे बनून घूं घूं येण्याचा संभव. ट्रान्सफॉर्मरच्या तारा तिच्यापासून लांब ठेवाव्यात.

एवढे झाल्यावर घुमणे थांबले आणि पोरे नाचू लागली. मला मात्र एक गोष्ट सुचू देईना. घूं घूं जावी म्हणून बेंजोच्या पोलादी ताराही याच अर्थला जोडलेल्या असतात. उद्या आत कुठे फेजची तार सुटून पेटीला लागली आणि भिंतीतल्या पॉइंटला अर्थिंग नसले, तर ती वीज थेट वाजवणाऱ्याच्या घामेजल्या बोटांत उतरणार. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर. वाजवणारा अनवाणी.

म्हणून मंडपाशेजारच्या सभागृहातला पॉइंट वायरमनला उघडायला लावला. तीन भोकांचा पॉइंट, दिसायला ठाकठीक. पण मोठ्या भोकामागे तारच नव्हती! पोरे कुरकुरली, तालीम दोन दिवस लांबली. खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नवे अर्थिंग केले, आणि वीज गळताच ती तोडणारा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा ब्रेकरही बसवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमनने दिवा लावून पॉइंट तपासला, ब्रेकरचे चाचणीचे बटण दाबून पाहिले आणि मान हलवली. मगच पुतण्याने तारांना हात लावला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचे काम आता त्याच्याकडेच आहे.