मनावर घेतलेला खेळ

स्पर्धात्मक व्हिडिओ गेम मनावर घ्यावा की नुसता मौजेखातर खेळावा, हा प्रश्न विचारताना बहुतेकदा असे गृहीत धरलेले असते की मनावर घेतलेल्या खेळात आनंद उरत नाही आणि आनंदाने खेळलेल्या खेळात कस लागत नाही. ज्याने असा एखादा खेळ अनेक वर्षे खेळला आहे, त्यात सपाटून मार खाल्ला आहे आणि पुढे इतरांना तो शिकवला आहे, त्याला या गृहीतकात तथ्य दिसत नाही. त्याच्या अनुभवाने या खेळांतली सर्वांत टिकाऊ मौज सरावातूनच हाती लागते. मात्र खेळातील कौशल्य मनावर घेणे आणि खेळावर पोट भरण्याची भिस्त ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घराघरांत होणारा वाद बव्हंशी दुसऱ्या गोष्टीचा असतो आणि त्यात पहिलीचा हकनाक बळी जातो.

झाशीहून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर अंतरावर बरुआसागर हे छोटे गाव आहे. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठावरचा किल्ला, गावाबाहेरचे प्रतिहारकालीन जराई मठ नावाचे देवालय आणि आसपासच्या शेतांतले आले या गोष्टींसाठी ते ओळखले जाते. अशा गावातील मुलाला स्पर्धात्मक गेमसाठी वेगळे सभागृह किंवा महागडा संगणक लागत नाही, कारण त्याचे मैदान हातातल्या फोनमध्येच असते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर महानगरातल्या झगमगत्या स्पर्धांकडे पाहून देण्यापेक्षा अशा गावाकडे पाहून देणे अधिक प्रामाणिक ठरते.

खेळ मनावर घेणे म्हणजे काय, हे झाशी जिल्ह्याला बाहेरून शिकवावे लागत नाही. मेजर ध्यानचंद यांचे कुटुंब झाशीत स्थायिक झाले होते आणि तेच त्यांचे कायमचे गाव राहिले. १९२२ साली सैन्यात दाखल होण्यापूर्वी त्यांना हॉकीपेक्षा कुस्तीचीच ओढ अधिक होती, आणि हॉकीचे खरे धडे त्यांनी पलटणीतच गिरवले. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅम, १९३२ मध्ये लॉस एंजेलिस आणि १९३६ मध्ये बर्लिन अशा तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या या खेळाडूने आपला सर्वोत्तम सामना म्हणून मात्र यांपैकी एकाही अंतिम सामन्याचे नाव घेतले नाही. त्यांनी निवडला तो १९३३ सालचा कलकत्त्यातील बायटन चषकाचा अंतिम सामना, ज्यात गावच्या झाशी हीरोज संघातून ते कलकत्ता कस्टम्सविरुद्ध खेळले. त्या सामन्यातला एकमेव गोलही त्यांनी स्वतः केला नव्हता. त्यांनी दिलेल्या पासवर इस्माईल या सहकाऱ्याने तो केला होता. ज्या माणसाला पदकांची वाण नव्हती, त्याने प्रतिस्पर्ध्याचा तोल आणि सहकाऱ्याची धाव यांचा नेमका मेळ जमला तो दिवस सर्वांत मोठा मानावा, यातून मनावर घेतलेल्या खेळाचे फळ कशात असते ते स्पष्ट दिसते.

व्हिडिओ गेमला क्रीडाप्रकार म्हणताना अनेकांची जीभ अडखळते; पण खेळांना प्रतिष्ठा कशी मिळत गेली, याचा इतिहास महाराष्ट्राला तरी परका नसावा. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने लिहून काढले, तोवर तो गावोगाव आपापल्या रीतीने खेळला जात होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ १९८२ मध्ये दिल्लीला पुन्हा प्रात्यक्षिक म्हणूनच आला आणि पदकाचा खेळ झाला तो १९९० मध्ये, बीजिंगला. ई-स्पोर्ट्सने, म्हणजे संघटित स्पर्धेच्या स्वरूपात खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमने, हीच वाट फार झपाट्याने कापली. २०१८ मध्ये जकार्ता येथे तो प्रात्यक्षिक म्हणून होता, आणि तेथे भूजच्या तीर्थ मेहता याने हार्थस्टोन या पत्त्यांच्या धर्तीवरील गेममध्ये कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगचौ येथे तो पदकांचा खेळ झाला. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला क्रीडा खात्याच्या कक्षेत आणले. परंतु कबड्डीला लागलेल्या चोपन्न वर्षांत जे घडले ते येथे घडलेले नाही. शाळाशाळांतले शिक्षक, तालुक्याचे पंच, जुन्या खेळाडूंनी नव्यांना सांगितलेले बारकावे, हे सारे जमायला वेळ लागतो, आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली ती हा वेळ मिळण्याच्या आधीच.

हे बारकावे कोणते, ते एका खेळात जवळून पाहिले पाहिजे. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, ज्याला खेळणारे बीजीएमआय म्हणतात, हा शेवटपर्यंत टिकून राहण्याचा खेळ आहे. खुल्या सामन्यात शंभर खेळाडू विमानातून एका भूभागावर उतरतात, विखुरलेली शस्त्रे आणि सामग्री गोळा करतात, आणि 'झोन' म्हणजे सुरक्षित वर्तुळ टप्प्याटप्प्याने आकसत जात असल्यामुळे त्यांना एकमेकांसमोर येणे भाग पडते. स्पर्धेत चार-चार जणांचे सोळा संघ असतात. अलीकडच्या गुणपद्धतीत सामना जिंकणाऱ्या संघाला दहा गुण मिळतात, दुसऱ्याला सहा, त्यानंतर उतरत्या क्रमाने आठव्यापर्यंत एक, आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक खेळाडू बाद केल्याबद्दल एक. म्हणजे कुणालाही बाद न करता लपतछपत दुसरा आलेला संघ सहा गुणांवर थांबतो, आणि सात जणांना बाद करून दहाव्या क्रमांकावर संपलेला संघ त्याच्या पुढे जातो. केवळ धाडस किंवा केवळ सावधगिरी यांपैकी एकावर स्पर्धा जिंकता येत नाही, असा तोल या गणिताने साधलेला असतो.

नवखा प्रेक्षक पडद्यावर गोळीबार पाहतो. जाणता खेळाडू 'रोटेशन' पाहतो, म्हणजे एका ठाण्यावरून पुढच्या वर्तुळात सरकण्याचा मार्ग आणि त्याची वेळ. वर्तुळ चौथ्यांदा आकसले आहे, संघ त्याच्या कडेला घरांच्या आवारात आहे आणि आत तीनशे मीटरवर टेकाडामागे एक रिकामे दिसणारे घर आहे, अशी स्थिती घेतली तर लवकर निघणाऱ्याला ते घर मिळू शकते, पण उघड्या रानातून जाताना दोन्ही बाजूंनी मारा होण्याचा धोका असतो. उशिरा निघणाऱ्याला मागून येणारे संघ रोखता येतात, पण पुढची जागा हातची जाते. हा निर्णय आयजीएल घेतो, म्हणजे सामना चालू असताना संघाला आज्ञा देणारा खेळाडू, आणि तो उरलेल्या तिघांनी दिलेल्या तुटक माहितीवरच घेतो. गोळीचा आवाज कोणत्या दिशेने आला, कोणत्या गाडीचे इंजिन बंद झाले, कोणत्या संघाचे किती जण उरले, हे तीन-चार शब्दांत सांगण्याची शिस्त चांगल्या संघाने महिनोन् महिने अंगी बाणवलेली असते.

हाताचे काम याहून वेगळे आहे. सलग गोळ्या सुटताना बंदुकीची नळी वर उचलली जाते, तिला 'रिकॉइल' म्हणतात. ती खाली ओढण्यासाठी काही खेळाडू अंगठा सरकवतात आणि काही फोनच अंशभर कलवतात, कारण फोनमधला जायरोस्कोप नावाचा संवेदक तो कल ओळखतो. दोन्ही अंगठ्यांबरोबर दोन्ही तर्जन्या पडद्याच्या वरच्या कडेला ठेवून चार बोटांनी खेळण्याच्या पकडीला 'क्लॉ' म्हणतात. तिने चालणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे एकाच वेळी जमते, पण पहिले काही आठवडे मनगट अवघडते आणि आधीचा खेळही बिघडतो. सरावाच्या मैदानात खेळाडू भिंतीवर एक पूर्ण मॅगझिन रिकामे करतो आणि उमटलेल्या खुणा पाहतो. त्या वर फाकलेल्या असतील तर संवेदनशीलतेचा आकडा थोडा वाढवतो, खाली गेल्या असतील तर कमी करतो, आणि पुन्हा तीच भिंत. बाहेरून हे कंटाळवाणे दिसते. गायकाच्या खर्जाच्या रियाजाप्रमाणे यातही एक सूक्ष्म सुख असते, आणि खुणांचा पुंजका एका दिवशी तळहाताएवढा होतो तेव्हा ते सुख नुसत्या करमणुकीत मिळणाऱ्या सुखाहून निश्चितच मोठे असते.

नुसत्या मौजेने खेळणाऱ्याला यातले काहीही करण्याची सक्ती नसावी. दिवसभर आल्याची पोती मोजून आलेल्या तरुणाने मित्रांबरोबर अर्धा तास खेळून फोन बाजूला ठेवला, तर त्याने खेळाचा अपमान केला असे म्हणणे हे निव्वळ गर्विष्ठपण आहे. पण एक सवय मौजेलाही मारक ठरते, आणि ती म्हणजे आपल्याला न जमणाऱ्या प्रत्येक डावपेचाला लबाडी म्हणणे. गवतात किंवा जिन्यामागे दबा धरून बसण्याला 'कॅम्पिंग' म्हणतात, आणि त्याने बाद झालेला खेळाडू समोरच्याला भित्रा ठरवून मोकळा होतो. नियमांनी ज्याला मुभा दिली आहे ते कसे मोडून काढावे, हा विचार ज्या क्षणी सुरू होतो त्या क्षणी चिडचिड संपते आणि खेळ पुन्हा रंजक होतो. धूर सोडून जिना चढता येतो, हातबाँब टाकून कोपरा रिकामा करवता येतो, किंवा ते घर टाळून पुढे जाता येते. ज्याला खेळातून खरोखर करमणूक हवी आहे त्यालाही एवढे गांभीर्य परवडते.

गांभीर्य आणि आनंद एकाच ठिकाणी कसे नांदतात, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण २००४ मधले आहे. कॅलिफोर्नियातील इव्हो या स्पर्धेत, स्ट्रीट फायटर मालिकेतल्या 'थर्ड स्ट्राइक' या द्वंद्वाच्या गेममध्ये, जपानच्या दाइगो उमेहारा याच्या पात्राचा जीव नावापुरता उरला होता आणि अमेरिकेच्या जस्टिन वाँगने पंधरा प्रहारांचा सलग हल्ला चढवला. नुसते अडवले तरी प्रत्येक प्रहारामागे थोडा जीव जातो, म्हणून अडवणे निरुपयोगी होते. उरला होता तो 'पॅरी', म्हणजे प्रहार लागण्याच्या अगदी क्षणी नियंत्रक पुढे दाबून तो निष्फळ करणे. उमेहाराने पंधराही प्रहार असे परतवले आणि उलट हल्ल्याने ती फेरी जिंकली. ती स्पर्धा मात्र त्याने जिंकली नाही. अंतिम लढतीत त्याला हार पत्करावी लागली. तरीही अशा खेळांचा इतिहास सांगताना त्या वर्षीच्या विजेत्याआधी ही फेरी आठवली जाते. पुढे काही काळ उमेहारा स्पर्धांपासून दूर झाला, वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करू लागला आणि नंतर परतून व्यावसायिक खेळाडू बनला. खेळावर इतके प्रभुत्व असूनही त्याला मध्ये दुसरे काम करावे लागले, ही गोष्ट चमकदार चित्रफितींत येत नाही. खरे तर तरुणांना ती आधी सांगायला हवी.

येथून उपजीविकेचा प्रश्न सुरू होतो. खो-खोचे मैदान चुन्याच्या फक्कीने कोणीही आखू शकतो; बीजीएमआयचे मैदान क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीच्या मालकीचे आहे, आणि ते उघडे ठेवणे कंपनीच्या तसेच सरकारच्या निर्णयावर अवलंबून आहे. पबजी मोबाइल या त्याच्या पूर्वावतारावर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ रोजी तोही रोखला गेला, आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत ज्याची सारी भिस्त या एका गेमवर होती तो उघड्यावर पडला. ज्याने मात्र नकाशा वाचणे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि दबावाखाली मोजके बोलणे कमावले होते, त्याला दुसऱ्या गेममध्ये अगदी श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली नाही. म्हणून गेमवर निष्ठा ठेवण्यापेक्षा कौशल्यावर निष्ठा ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि शाळा-कॉलेज सोडून 'प्रो' होण्याचा सल्ला अठरा वर्षांच्या मुलाला कोणीही देऊ नये.

पालकांच्या मनात आणखी एक घोळ असतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन पत्ते आणि ई-स्पोर्ट्स एकाच पडद्यावर दिसत असल्यामुळे दोन्ही जुगारच वाटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ही सीमारेषा ठळक केली. त्याने ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. वेळेच्या बाबतीत बीजीएमआय परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि प्रौढांना सहा तास अशी मर्यादा घातली गेली. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तीन तासही फार आहेत. दुसऱ्या तासानंतर हात जुन्याच चुका गिरवू लागतो आणि त्या मोडायला पुढे दुप्पट वेळ जातो.

बरुआसागरसारख्या गावाची खरी अडचण तांत्रिक आहे. खेळाडूने बटण दाबल्यावर ती खबर सर्व्हर नावाच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळाला 'पिंग' म्हणतात. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर नऊशे किलोमीटरच्या हवाई अंतराला जाऊन-येऊन जेमतेम नऊ मिलिसेकंद पुरायला हवेत. प्रत्यक्षात वाकडातिकडा मार्ग, मधली यंत्रे आणि संध्याकाळी मोबाइल मनोऱ्यावर पडणारा ताण यांमुळे ते कैक पटींनी वाढतात, आणि आकड्यापेक्षा त्याची चंचलता अधिक छळते. अशा जोडणीवर समोरासमोरच्या नेमबाजीत शहरातल्या खेळाडूला हरवणे अवघड आहे, हे मान्यच करावे लागते. पण रोटेशन, जागेची निवड आणि संघातील बोलणे यांना पिंग लागत नाही, आणि लहान गावातल्या संघाने आपला बहुतेक वेळ तिथेच घालवावा.

त्यासाठी फोन, एक वही आणि चार मुले पुरतात. सामना चित्रमुद्रित करून ठेवायचा, संघ ज्या क्षणी फुटला त्याच्या दोन मिनिटे आधी तो थांबवायचा आणि त्या वेळी कोणाला काय दिसत होते, काय ऐकू येत होते आणि त्याने त्यातले काय सांगितले, हे प्रत्येकाने लिहायचे. चौघांच्याही नोंदी शेजारी ठेवल्या की बहुधा असे आढळते की घरात शत्रू असल्याची चाहूल एकाला लागली होती, पण ती त्याच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. मग ही माहिती कोणत्या तीन शब्दांत सांगायची ते ठरवायचे, ते वहीत लिहायचे आणि पुढचा सामना सुरू करायचा.