बांबू आणि वास्तुविशारद

नकाशे आणि अंदाजपत्रके यांत दिवस वेचल्यावर सायंकाळी बांबूच्या कामट्या सोलीत बसणे हा माझा छंद आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनप्रदेशात वास्तुविशारदाला याहून उपकारक व्यासंग मला तरी सुचत नाही. बांबूची शक्ती त्याच्या बाह्य त्वचेलगतच्या दाट तंतूंत एकवटलेली असते आणि आतील पिष्टमय भाग किडीला प्रिय असतो, हे ग्रंथांत वाचलेले होते. परंतु पेरापाशी सुरी कशी अडते, आणि जवळजवळ भरीव असा मानवेल व काटेरी, पोकळ कटांग या बांबूंचे स्वभाव किती भिन्न, हे बोटांना उमगले तेव्हाच माझ्या कागदावरील सांधे बदलले. आता आधार व बंधन मी पेराजवळच योजतो. तट्टा विणताना उन्हाची तिरीप आणि वारा यांचे जे प्रमाण हाताला कळते, तेच पुढे या प्रखर उन्हाळ्याच्या मुलखात खिडकीची जाळी ठरविते.

बांबूही आता दूरचा राहिलेला नाही: गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही तिच्या हाती आला. माल आता गावाचा आहे; चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. मात्र बुरुड कारागिराला आपण अजून केवळ सूप-टोपल्यांचा धनी समजतो, हे मला अन्यायाचे वाटते. तरुण वास्तुविशारदांनो, पहिली रेघ ओढण्यापूर्वी एक हिवाळा त्याच्या अंगणात शिकाऊ म्हणून बसा, आणि त्या शिकवणीचा रास्त मोबदला त्याला द्या.