वस्त्रामागचा जीव

आमचे दुकान कापडाचे. म्हणून ॲना विंटूर यांची पारख मला नेहमीच भावली. १९८८ साली अमेरिकन ‘व्होग’ची सूत्रे हाती येताच, नोव्हेंबरच्या आपल्या पहिल्याच मुखपृष्ठावर त्यांनी सुमारे १०,००० डॉलरचे खडेजडित जाकीट आणि ५० डॉलरची जीन्स एकत्र आणली. छापखान्याला ती चूक वाटली. फॅशनला ती नवी वाट ठरली.

मात्र प्राण्यांच्या फरचा त्यांनी दीर्घकाळ पुरस्कार केला, तेथे मन अडखळते. फॅशनचे शिक्षण घेण्यास निघालेल्या मुलीला मी म्हणाले, ‘‘बाळ, त्यांची नजर घे, पण वस्त्रामागचा जीव विसरू नकोस.’’

तिने शांतपणे विचारले, ‘‘आई, आणि आपल्या दुकानातले रेशीम?’’

कोषांतले जीव उकळत्या पाण्यात मरतात, हे मला ठाऊक होते. मी निरुत्तर झाले. त्या संध्याकाळी शालूंच्या घड्या घालण्यास माझा हात धजेना.