शिकारीविना शिकाऱ्याची झोळी

स्टुटगार्टमध्ये राहून धनुष्यबाणाचा नाद लागलाय म्हटलं, की आपल्या मराठी मंडळींकडून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "मारता काय?" आणि दुसरा, "परवानगी असते का हो?" पहिल्याचं उत्तर, फोमचं रानडुक्कर. दुसऱ्याचं उत्तर, फोमच्या डुकराला आहे, खऱ्याला नाही. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण जिवाला घोर लावतो तो तोच. एवढं सामान न्यायचं कशात? हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे घरातली तिघं, नवरा-बायको आणि चौदा वर्षांची लेक. आपल्यातल्या पुष्कळांसारखे आम्हीही पुण्याच्या बाजूने, मोटारीच्या कारखान्यांच्या वाटेने या गावात आलो. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं जुळं शहर, पण समुद्राऐवजी इथे जंगल आहे. शहर वाडग्यासारखं खोलगट, कडेने द्राक्षमळे, आणि वाडग्याच्या काठावर पोचलात की झाडीच झाडी. वर जायला चारशेहून अधिक जिने आहेत, त्यांना इथले लोक लाडाने 'श्टेफेले' म्हणतात. जिना नको असेल त्यांच्यासाठी मारियेनप्लाट्झहून डेगरलोखला जाणारी दातेरी चाकाची गाडी आहे, १८८४ पासूनची. खांद्यावर ओझं घेऊन हे जिने चढलात की पिशवी चांगली की वाईट याचा निकाल शंभराव्या पायरीला लागतो.

या जंगलांचा इतिहास शिकारीचाच आहे. शहराच्या पश्चिमेला ड्यूक कार्ल ऑयगेनने १७६३ पासून सहा वर्षं खपून 'सॉलिट्यूड' हा महाल उभारला, तो शिकारीच्या आणि मौजेच्या निमित्ताने. त्याच्या जवळच्या रानाचं नाव आजही 'रोटविल्डपार्क', म्हणजे सांबरासारख्या तांबड्या हरणांची बाग. आज तिथे लोक मुलांना घेऊन तळ्याकाठी फिरतात. शिकार मात्र जर्मनीत संपलेली नाही. चार लाखांहून अधिक लोकांकडे शिकारीचा परवाना आहे, आणि तो मिळवायची परीक्षा इतकी अवघड की तिला गमतीने 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. पण ही सगळी शिकार बंदुकीची. हरीण, रानडुक्कर अशा खुरांच्या प्राण्यांवर बाण सोडायला इथल्या कायद्याने बंदी आहे. ऱ्हाइन नदी ओलांडून फ्रान्समध्ये गेलात तर १९९५ पासून धनुष्याने शिकार करता येते, पण त्यासाठी परवान्याखेरीज वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला.

मग इथले धनुर्धारी काय करतात? रानातल्या पायवाटेने फिरतात. श्वेबिशे आल्बच्या डोंगरउतारांवर अशा वाटा आखलेल्या आहेत. झाडाआड, ओढ्यापलीकडे, उतारावर खऱ्या मापाचे फोमचे प्राणी उभे असतात. कोल्हा, अस्वल, हरीण, डुक्कर. ठरलेल्या खुंटीपाशी उभं राहायचं, अंतर डोळ्यांनीच जोखायचं, बाण सोडायचा, जाऊन काढून आणायचा, आणि पुढे चालायचं. एका फेरीत बहुधा २८ प्राणी. म्हणजे चालणं शिकाऱ्याचं, थांबणं शिकाऱ्याचं, सामानही शिकाऱ्याचं, फक्त रक्त नाही. त्यामुळे पिशवी शोधायला गेलं की दुकानात समोर येते तीही शिकाऱ्यासाठी केलेलीच.

आता सामान काय, ते सांगतो. आमची धनुष्यं सुटी होणारी आहेत, मधली मूठ आणि दोन पाती. मूठ हातभराहून थोडी मोठी, पाती तिच्याहून आखूड. ती वेगळ्या लांबट खोळीत जातात. बाण साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरचे, ते खांद्यावरच्या कुठल्याही शहाण्या पिशवीत मावत नाहीत. त्यांची जागा भात्यात, आणि प्रवासात बंद नळकांड्यात. हे एकदा मान्य केलं की अर्धा गोंधळ संपतो. खांद्यावरच्या पिशवीत उरतं ते बारीकसारीक. हातपट्टा, बोटांवर चढवायचा चामडी टॅब, जादा दोरी आणि तिला चोळायचं मेण, धनुष्य चढवायची दोरी, बाण उपटायची रबरी पकड, बाणाची जादा टोकं आणि मागच्या खोबणी, डिंकाची नळी, छोटे पाने, दुर्बीण, गुणांचा कागद, पेन्सिल, पाणी, आणि शेवटी आपली पोळीभाजीची गुंडाळी. सगळं मिळून तीन किलो.

आणि दोन गोष्टी, ज्यांना पर्याय नाही. एक म्हणजे मलमपट्टी. दुसरी, गोचीड काढायचा चिमटा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हा जवळजवळ सगळा प्रदेश गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याचा म्हणून जाहीर आहे. त्यावर लस आहे, तीन टोचण्यांची. रानात जाणाऱ्यांनी ती घ्यावीच. पण गोचिडीतून होणाऱ्या दुसऱ्या रोगावर, बोरेलिओसिसवर, आजही आपल्याला साधी लस मिळत नाही. तिथे उपाय एकच, गोचीड दिसली की लगेच काढणं. हा चिमटा पिशवीच्या तळाशी, पोळीच्या खाली सापडला तर तो असून नसल्यासारखाच.

पाठीवरची सॅक बरी नाही का, असं कुणी म्हणेल. चालायला बरी, पण २८ वेळा काढायची आणि २८ वेळा चढवायची! आपली जुनी शबनम? तिच्यावर आमचा जीव. पण ती आहे कवींसाठी. एका कप्प्यात सगळं, आणि वाकलात की सगळं जमिनीवर. अमेरिकेत जुन्या पद्धतीने धनुष्य चालवणारे लोक 'पॉसिबल्स बॅग' नावाची चामड्याची लहान झोळी वापरतात, म्हणजे लागलंच तर लागेल अशा वस्तूंची. दिसते देखणी, पण त्यात दुर्बीण गेली तर डबा राहतो. आणि दुकानातली आधुनिक शिकारी पिशवी, तिला पंधरा कप्पे आणि प्रत्येकाला वेल्क्रो. शांत रानात वेल्क्रो उघडून पाहा एकदा, धोतर फाटल्यासारखा आवाज येतो. चार खुंट्या पलीकडचा माणूससुद्धा वळून बघतो, खरं हरीण तर केव्हाच पसार.

पट्ट्याचं गणित त्याहून महत्त्वाचं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याची दोरी सुटताना डाव्या छातीजवळून जाते. तिथे पिशवीचा पट्टा, बक्कल किंवा लोंबणारं टोक असलं तर दोरी त्याला घासते, बाण भलतीकडे जातो, आणि बाण भलतीकडे जाणं ही विनोदाची गोष्ट नाही, कारण पायवाटेवर माणसं असतात. म्हणून पट्टा उजव्या खांद्यावर, डावी छाती वरून मोकळी, पिशवी नेम धरताना पाठीमागे ढकललेली. पट्टा रुंद हवा, पण त्याचं जादा टोक शिवून टाकायचं. डावखुऱ्याने हेच सगळं उलटं करायचं. दुकानात पिशवी पाहताना नुसती अडकवून आरशात बघू नये, धनुष्य ओढल्यासारखा हात मागे न्यावा. विक्रेता हसतो, हसू द्यावं.

रंगाबद्दल आमच्या घरात वाद झाला. लेकीला पानापानांच्या नक्षीची हवी होती. पण इथे शरदापासून हिवाळ्यापर्यंत हाकारे घालून शिकारी होतात, तेव्हा स्वतः शिकारीसुद्धा भडक नारिंगी जाकिटं घालतात, ती माणूस माणसाला दिसावा म्हणून. फोमचं अस्वल आपल्याला बघत नाही, त्याच्यापासून लपण्यात काय अर्थ? आईने फर्मान काढलं, पिशवी कुठल्याही रंगाची आण, वरचं पावसाळी कव्हर नारिंगीच असेल.

या सगळ्यात खरी दिशा दिली ती आबांनी. २०२३ च्या उन्हाळ्यात ते साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक गटात जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांत १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्ण घेतलं. आमच्या बैठकीच्या खोलीत आबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग टेबलावर पसरलेलं आमचं सामान बघून म्हणाले, "आम्ही गोफण मारायचो, तिला पिशवी कुठली? धोतराच्या ओच्यात खडे, की झालं. पण तुमचं हे सगळं बघून मला आपल्या न्हाव्याची धोपटी आठवते. झाडाखाली बसायचा, बोलायचा गिऱ्हाइकाशी, हात जायचा धोपटीत, आणि वस्तरा बरोबर हातात. न बघता."

न बघता! आम्ही पानंच्या पानं वाचली होती, हा शब्द कुठे नव्हता. शिकाऱ्याची नजर जनावरावर असते, आमची बाण गेला त्या झुडपावर. हाताला वस्तू आपोआप मिळाली पाहिजे. मग ठरलं. जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून जाड कॅनव्हासची साधी पिशवी घेतली, आडवी, एका झडपेची, लाकडी गुंडीने बंद होणारी. वेल्क्रो नाही. गल्लीतल्या तुर्की शिंप्याकडून तळाला रबरी कापड लावून घेतलं, कारण खुंटीपाशी ती ओल्या गवतात टेकते. आणि आत त्याच्याकडूनच एक धोपटी शिवून घेतली, चामड्याच्या फाशांची पट्टी. प्रत्येक फाशात एक वस्तू. डावीकडे दोरी आणि मेण, मधे पकड, उजवीकडे, सगळ्यात वर, चिमटा आणि मलमपट्टी. शिंप्याने विचारलं, हे कशासाठी? 'धोपटी' शब्द समजावताना आमचं जर्मन संपलं. लेकीने मग हातवाऱ्याने दाढी करून दाखवली. "हां, बर्बर!" म्हणाला, आणि त्याला सगळं समजलं.

ही व्यवस्था किती जुनी आहे म्हणता? आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला 'ओत्झी' हा माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. तो आता इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात आहे, आमच्याकडून मोटारीने एका दिवसाच्या टप्प्यात. त्याच्याजवळ कातड्याचा भाता होता, ताठ राहावा म्हणून त्याला हेझलची काठी जोडलेली. आत चौदा बाण, त्यांतले बारा अर्धवट आणि फक्त दोन पुरे झालेले. सोबत दोरीचं भेंडोळं, शिंगाचे तुकडे, स्नायूंचे तंतू. कमरेच्या बटव्यात गारगोटीची हत्यारं, हाडाची आरी आणि आग पेटवायची बुरशी. म्हणजे लांब ते भात्यात, बारीक ते बटव्यात, आणि दुरुस्तीचं सामान नेहमी जवळ. त्याच्या खांद्यात बाणाचं टोक रुतलेलं आहे, हे २००१ साली क्ष-किरणांत दिसलं. भाता नीट ठेवणाऱ्या माणसाला बाणानेच मारलं होतं. लेक त्या काचेपुढे बराच वेळ गप्प उभी होती.

बाण हे हत्यारच आहे, हे शहरातही विसरून चालत नाही. जर्मनीत धनुष्य बाळगायला परवाना लागत नाही, पण २०२४ साली सुऱ्यांबद्दलचे नियम कडक झाले. त्या आधीच आम्ही पिशवीतून सुरी काढली होती आणि बोथट टोकाची कात्री ठेवली होती. २०२५ च्या वसंतात एका शनिवारी सकाळी एस-बानमध्ये दोन तरुण पोलीस आमच्यापाशी थांबले. आमचा रंग बघून की ते लांब नळकांडं बघून, ते आम्ही विचारलं नाही. आई-बाबांच्या पोटात गोळा आलेला. लेकीने मात्र इथल्या हेलाच्या जर्मनमध्ये "दाखवते" म्हणून झडप उघडली, आणि डावीकडून उजवीकडे एकेक वस्तू नाव घेऊन दाखवली. "सुरी?" "नाही, कात्री. ही बघा." दोन मिनिटांत काम संपलं. त्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, क्लबात नवशिक्यांना घेतात का. पिशवी कोंबून भरलेली असती आणि आमच्या हातांनी चाचपडत काहीबाही बाहेर काढलं असतं, तर तीच दोन मिनिटं केवढी झाली असती!

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हीच झोळी घेऊन आम्ही श्योनबुखला जातो. ब्योब्लिंगेनपर्यंत एस-बान, तिथून डेटेनहाउझेनची छोटी गाडी. १९७२ साली निसर्गोद्यान झालेल्या या रानात तांबड्या हरणांसाठी मोठा भाग कुंपण घालून राखलेला आहे, आणि या दिवसांत नर ओरडतात. त्या दिवशी धनुष्य घरी, नळकांडं घरी. फाशात फक्त दुर्बीण, चिमटा आणि थर्मास. अंधार पडत येतो, कुठूनतरी घोगरा, लांबलचक हंबरडा येतो, आणि बाबा न बघता झोळीत हात घालून दुर्बीण काढतात. काही वाजत नाही. लेक कुजबुजते, "बाबा, तिकडे. ओकच्या डावीकडे."

ज्यांना बघायची असेल त्यांनी झोळी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आमच्याकडे जरूर मागावी. फासे मोजून शिवून घ्या, आणि पट्ट्याचं टोक शिवायला विसरू नका.