वडिलांच्या वाटेनें

घरांतील पुष्कळशा चालीरीति कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं आणि कोणी मुद्दाम शिकत नाहीं. वडील माणसें करितात, धाकटीं पाहतात, आणि एके दिवशीं तींच वडील होतात. ही गोष्ट मनुष्याच्याच घरची असें आम्हीं समजत होतों. परंतु अलीकडे एका माशाची हकीकत आमच्या वाचनांत आली, आणि ती वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासळी शिजत नाहीं. पण ही हकीकत स्वयंपाकघरांतली नव्हे.

या माशाचें नांव नासाउ ग्रूपर. कोंकणांत ज्यास हेकरू म्हणतात त्याचाच हा भाऊबंद. राहणारा मात्र कॅरिबियन समुद्रांतील पोवळ्यांच्या खडकांत. अंगावर पट्टे, लांबी कधीं कधीं मीटरभर, स्वभाव एकलकोंडा. वर्षभर आपली कपार सोडून तो फारसा कोठें जात नाहीं. परंतु पौष-माघाच्या पौर्णिमा जवळ आल्या कीं हे एकांतवासी बाहेर पडतात. कोणी थोडें अंतर, कोणी दोनशें किलोमीटरांहूनही अधिक पोहून जातो, आणि सारे एका ठराविक जागीं जमतात. तेथें दिवस मावळण्याच्या सुमारास अंगावरचे पट्टे नाहींसे होऊन पाठ काळी व पोट पांढरें दिसूं लागतें, आणि अंधार पडतां पडतां थव्यामागून थवे वर उसळून अंडीं सोडतात. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतांत बहामा बेटांजवळील अशा मेळ्यांत ३० हजारांपासून १ लाखापर्यंत मासे असावेत असा अंदाज दिला आहे.

जागा ठरलेली, तिथि ठरलेली. मग जाळें टाकणारास आणखी काय पाहिजे? एकामागून एक मेळे उठले. सेंट टॉमस बेटाजवळचा मेळा १९७० नंतरच्या दशकांतच संपला. २००१ सालीं लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाशीं सुमारें ७ हजार माशांचा मेळा मच्छीमारांस सांपडला, आणि दोन हिंवाळ्यांत त्यांतले सुमारें ४ हजार धरले गेले.

तेव्हां तेथील सरकारी पर्यावरण खातें व संशोधक यांनीं या माशांचा माग काढण्याचें काम हातीं घेतलें. कांहीं माशांच्या पोटांत लहानसें ध्वनियंत्र बसवून त्यांस सोडून दिलें, आणि बेटाभोंवतीं पाण्यांत तो ध्वनि टिपणारीं यंत्रें ठेविलीं. प्रत्येक माशाची ध्वनीची खूण निराळी. म्हणून कोण केव्हां निघाला आणि कोठें पोहोंचला, याची नोंद आपोआप होत गेली. तीवरून दिसलें तें असें कीं, बेटाच्या चारी बाजूंचे वयांत आलेले मासे त्या एकाच जागीं येतात आणि दरसाल परत येतात. म्हणजे त्या चार दिवसांत जो जाळें टाकील, तो एका जागेचे मासे नेत नाहीं. साऱ्या बेटाचें कुळच नेतो.

आतां नवख्या माशास ही जागा ठाऊक कशी होते? तो जुन्यांच्या मागून जात असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. रॉबर्ट वॉर्नर यांनीं पनामाजवळ निळ्या डोक्याच्या एका लहान माशावर केलेला प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या माशांच्या मीलनाच्या जागा पिढ्या बदलल्या तरी १२ वर्षें बदलल्या नव्हत्या. परंतु कांहीं खडकांवरचे सारे मासे उचलून त्यांच्या जागीं परके आणून सोडले, तेव्हां त्यांनीं जुन्या जागा सोडून नव्याच पत्करल्या. खडक तेच होते. सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

हें वाचून आम्हांस आमच्या घरचें बोडण आठवलें. त्याचा क्रम आमच्या मातोश्रींस आणि थोरल्या काकूंस तोंडपाठ होता. दोघी एकाच वर्षीं निवर्तल्या. परात तीच आहे, देव तेच आहेत, सुनाही हौशी आहेत. पण आमच्या घरची म्हणून जी रीत होती, तिच्या चार गोष्टी आज कोणासच सांगतां येत नाहींत. त्या एकेक करून गेल्या असत्या तर मागें राहिलेल्या दुसरीनें धाकट्यांस हातीं धरून शिकविलें असतें.

लिटल केमनच्या माशांवर ती पाळी आली नाहीं. २००३ सालीं मेळ्याच्या जागीं मासेमारी बंद झाली, तेव्हां वाट ठाऊक असलेले कांहीं शिल्लक होते. पुढें २०१६ च्या कायद्यानें डिसेंबर ते एप्रिल हा मासा धरण्यास मनाई झाली; आणि इतर महिन्यांतही १६ इंचांहून लहान व २४ इंचांहून मोठा मासा धरूं नये असें ठरलें. लहानांस राखावें हें कोणासही सुचतें. थोरांसही राखावें, यांत या कायद्याचें शहाणपण आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें तेथील माशांची संख्या तिपटीहून अधिक वाढली. जगांत इतरत्र मात्र हा मासा अत्यंत संकटग्रस्तांच्या यादींत आहे.

समुद्रांतल्या माशास रीत लिहून ठेवतां येत नाहीं, आपणांस येते. ज्या घरीं आजी, आत्या, थोरल्या काकू अद्याप पाटावर बसून सुनांस सूचना देत आहेत, त्या घरच्या मंडळींनीं त्या सूचनांचा कंटाळा करूं नये, आणि जमल्यास एखादी वही जवळ ठेवावी, एवढीच आमची विनंति.